निंबहळ्ळीची हाक आणि राजाबाईंचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. गोल, बसका आणि एका कुशीला पोचा आलेला. माझ्या अंगावर हिरवा पोपट छापलेला आहे, पण त्याला शेपूट नाही. त्याचं कारण पुढे सांगतो. सोलापुरात राजाबाईंच्या स्वयंपाकघरात, फळीच्या अगदी टोकाला मी आडवा पडून असतो. तोंड पुढे, झाकण बाजूला, आणि पोटात काही म्हणजे काही नाही.

स्वयंपाकघरातला चांगला धडधाकट डबा रिकामा का, असं घरी येणाऱ्या प्रत्येकाला वाटतं. शेजारणी तर विचारतातही. राजाबाई कुणाला उत्तर देत नाहीत. त्या देत नाहीत म्हणून मी देतो.

माझा जन्म सोलापूरच्या बाजारात एका पत्रेवाल्या चाचांच्या दुकानात झाला. माझा पत्रा आधी एका मोठ्या तेलाच्या डब्याचा होता. चाचांनी तो कात्रीने कापला, तेव्हा पोपट माझ्या वाट्याला आला आणि त्याची शेपटी शेजारच्या डब्याला गेली. तो डबा पुढे कुठे गेला देव जाणे. त्याच्यावर नुसती शेपटीच असेल, या विचाराने मला अजून हसू येतं. सांध्यांना डाग देऊन झाल्यावर चाचांनी मला कानाशी धरलं आणि बोटाने टिचकी मारली. मी खणखणीत वाजलो. "पत्रा खरा है तो बोलता," चाचा म्हणाले, "नै तो नुसता खाँसता." माझी ही पहिली स्तुती. ती मी अजून विसरलेलो नाही.

राजाबाई तेव्हा नव्याने संसाराला लागल्या होत्या. त्यांनी मला घेतलं ते शेंगाचटणीसाठी. सोलापुरात राहून शेंगाचटणीचा डबा होणं म्हणजे मोठाच मान. राजाबाई शेंगा भाजायच्या, लसूण आणि तिखट घालून उखळात कुटायच्या, चटणीला तेल सुटलं की ती माझ्यात दाबून भरायच्या. त्यांचे यजमान शिवयोगी तार ऑफिसात तारमास्तर होते. ते मला भाकरीबरोबर कामावर घेऊन जायचे. माझं आयुष्य असंच चटणीत गेलं असतं आणि मी सुखी झालो असतो.

पण एके दिवशी दुपारी चटणी संपली. त्याच वेळी रस्त्यावरून टांगे निघाले, गिरणीचा भोंगा झाला आणि शिवयोगींना त्यांच्या यंत्राचा आवाज येईना.

हे यंत्र कसं होतं ते सांगतो. त्याला साउंडर म्हणायचे. त्याच्यात एक पितळी दांडी असे. दूरच्या गावातल्या तारमास्तराने आपल्या हाताखालचं बटण दाबलं की तारेतून वीज येई आणि इथली दांडी कट्ट करून खाली आपटे. एकामागोमाग लगेच कट्ट-कट्ट झालं तर ती छोटी खूण, मध्ये जरा थांबून झालं तर मोठी. छोट्या-मोठ्या खुणांची अक्षरं व्हायची, अक्षरांचे शब्द व्हायचे, आणि कुणाच्या घरी मूल झालं, कुणाची गाडी चुकली, हे सगळं त्या कटकटीतून कळायचं. कागदावर काही उमटत नसे. तारमास्तराने ते कानाने ऐकायचं आणि हाताने लिहायचं. म्हणजे सगळा कारभार कानावर.

तर त्या दुपारी शिवयोगींनी मला फडक्याने पुसलं, टेबलावर आडवं ठेवलं आणि साउंडर अर्धा माझ्या तोंडात सरकवला. झालं. ती पितळी दांडी माझ्या पोटात बोलायला लागली. टांगे गेले, भोंगा गेला, शिवयोगींना एकेक अक्षर स्वच्छ ऐकू आलं. आपला आवाज दुसऱ्याला मिळाला की किती बरं वाटतं, हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून मी तार ऑफिसातच राहिलो. राजाबाई मात्र ते कधी विसरल्या नाहीत. "यंत्राला डबा लागतो होय?" त्या म्हणायच्या. "सरकारकडं डबे नाहीत काय?" दर येळ अमावास्येला शेतावर जेवण घेऊन जायचं असे. बाकीचे डबे भरताना त्यांना हटकून माझी आठवण यायची आणि शिवयोगींना बोलणी बसायची. शिवयोगी खाली मान घालून भज्जी-भाकरी बांधायला मदत करायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माझ्याशेजारी येऊन बसायचे.

आमच्या टेबलावर येणारी तार दक्षिणेकडची होती. त्या एका तारेवर पाच-सहा लहान गावं ओवलेली होती. एकजण बोलला की सगळ्यांना ऐकू जाई. त्यामुळे तारेची एक रीत होती, आणि ती मला फार आवडायची. आधी ज्याच्याशी बोलायचं त्याच्या नावाने हाक मारायची. त्याने ओ दिली तरच पुढे बोलायचं. मग शब्द किती आहेत ते आधी सांगायचं आणि नंतर शब्द पाठवायचे. ऐकणाऱ्याने ते मोजायचे. मोजणी जुळली तर पोच द्यायची, जुळली नाही तर पुन्हा मागायचं. पुढची तार गुंतलेली असेल तर निरोप ट्रेमध्ये थांबायचा आणि मोकळी झाली की पुढच्या गावाला जायचा. हाक, ओ, मोजणी, पोच. माणसं घरात एकमेकांशी एवढ्या रीतीने बोलली तर निम्मी भांडणं होणार नाहीत, असं माझं मत आहे. पण डब्याचं मत कोण विचारतो?

तारेच्या अगदी शेवटच्या टोकाला निंबहळ्ळी होतं. तिथलं पोस्ट आणि तार दोन्ही गुरुबसप्पा सांभाळायचे. शिवयोगींनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं, पण त्यांचा हात ते हजारात ओळखत. गुरुबसप्पा कानडी माणूस. बोलताना शेवटचा स्वर लांबवायची सवय असावी, कारण त्यांची शेवटची मोठी खूण जरा जास्तच मोठी असायची. ते रोज सकाळी पहिली हाक मारायचे आणि कामाचं काही बोलण्याआधी तारेवरून म्हणायचे, "शरणु." शिवयोगी उलट म्हणायचे, "शरणु." सरकारी तारेवरचा हा फुकटचा नमस्कार माझ्या पोटात घुमायचा आणि मग आमचा दिवस सुरू व्हायचा.

अशी बरीच वर्षं गेली. मग ऑफिसात टेलिप्रिंटर आले.

टेलिप्रिंटर म्हणजे मोठं हुशार यंत्र. मी त्याचा हेवा करत नाही. इकडे टाइप केलं की तिकडे आपोआप छापून निघतं, ऐकायला माणूसही लागत नाही. त्यांच्यासाठी मागच्या बाजूला नवं दालन बांधलं. ते उभारायला एक तरुण इंजिनियर साहेब आले होते. काही जणांनी त्यांना सांगितलं की आता ती जुनी दक्षिणेची तार तोडून टाका, तिच्यावर दिवसाला चार निरोप येत नाहीत. साहेब भले माणूस. ते म्हणाले, "त्या गावांत अजून वीज नाही, तार तेवढी बॅटरीवर चालते. ते टेलिप्रिंटर कशावर चालवणार? आपण नवे झालो म्हणून त्यांनी मुकं व्हायचं का?" त्यांनी नव्या बोर्डावर मुद्दाम एक जागा जुन्या तारेसाठी ठेवली आणि तिथे पितळी खुंटी बसवून दिली. खुंटी लावली की नव्या दालनात जुनी तार जिवंत. मला तर त्यांची पप्पी घ्यावीशी वाटली, पण डब्याला ते जमत नाही.

सामान हलवलं त्या दिवशी शिवयोगी नव्हते. टेलिप्रिंटर शिकायला त्यांना पुण्याला पाठवलं होतं. जुन्या खोलीतल्या प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगात सरकारी नंबर घातलेला होता. टेबलाला नंबर, खुर्चीला नंबर, साउंडरला नंबर, भिंतीवरच्या घड्याळालासुद्धा नंबर. नंबर पाहून पाहून एकेक वस्तू नव्या दालनात गेली. माझ्यावर नंबर नव्हता. माझ्यावर बिनशेपटीचा पोपट होता. कुणीतरी मला उचलून वास घेतला, "अरे, हा शिवयोगींच्या घरचा दिसतो," म्हणाला आणि संध्याकाळी मोठ्या आपुलकीने मला राजाबाईंच्या दारात पोचवलं.

राजाबाईंना झालेला आनंद काय सांगू. त्यांनी मला राखेने घासलं, उन्हात वाळवलं आणि त्याच दिवशी ताजी चटणी कुटून काठोकाठ भरलं. "आला बाई माझा डबा घरी," त्या शेजारणीला म्हणाल्या. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण सकाळ झाली की मला "शरणु"ची आठवण यायची. चटणीने भरलेल्या पोटात काही घुमत नाही.

आता इथून पुढचं जे घडलं ते मी थोडं स्वतः पाहिलं आणि थोडं नंतर मथुराबाईंच्या तोंडून ऐकलं. मथुराबाई शिवयोगींच्या जागी बसलेल्या नव्या तारमास्तर. मिरजेहून बदलून आल्या होत्या. वयाने लहान, पण टेलिप्रिंटर आणि कटकट दोन्ही शिकलेल्या. कटकट त्या शिकल्या होत्या शाळेच्या वर्गात, जिथे टाचणी पडली तरी आवाज यायचा. इथे नव्या दालनात टेलिप्रिंटरांची रांग दिवसभर धडधडत होती. टेबलं हादरत, खिडकीच्या काचा हादरत. त्यात बिचाऱ्या साउंडरची दांडी आपटली काय आणि नाही आपटली काय. साउंडर ऐकू येत नाही म्हणजे निरोपच नाहीत, असं मथुराबाईंना इतके दिवस वाटत होतं.

ते वर्ष दुष्काळाचं होतं. माळ भाजून निघाले होते. त्या दिवशी सकाळी ऑफिस उघडलं तेव्हा पायरीवर एक धनगरीण येऊन बसलेली होती. तिचं नाव तानाबाई. मंगळवेढ्याच्या रस्त्याला गावाबाहेरच्या माळावर तिची मेंढरं होती आणि तिचा दीर त्यांच्यापाशी थांबला होता. नवरा बिरप्पा चारापाणी बघायला पुढे निंबहळ्ळीकडे गेला होता. जाताना तो तिला सांगून गेला होता की निंबहळ्ळीच्या तळ्यात पाणी असलं तर तार करीन, मेंढरं घेऊन ये. तार आली नाही तर पाणी नाही असं समज आणि टेंभुर्णीकडं उसाच्या पट्ट्यात जा. त्याने तारेचा वारही ठरवून दिला होता. तो हाच दिवस.

तानाबाईने आत येऊन विचारलं, "बाई, बिरप्पाची तार आली का?"

"नाही आली," मथुराबाई म्हणाल्या. त्या खरंच बोलत होत्या. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं.

थोड्या वेळाने तानाबाईने पुन्हा विचारलं. मग मथुराबाईंचं लक्ष साउंडरकडे गेलं. दांडी थरथरत होती. कुणीतरी बोलत होतं. त्यांनी कान टेकवला. टेबलाचा खडखडाट आणि दांडीची कटकट सगळं एकच ऐकू येत होतं. कोणतं गाव बोलतंय तेसुद्धा कळेना. त्यांनी साहेबांना बोलावलं. साहेबांनी मीटर लावलं, खुंटी काढून घातली, साउंडरचा स्क्रू आवळला, ढिला केला. दांडी थरथरतच राहिली.

तिकडे निंबहळ्ळीला गुरुबसप्पा सकाळपासून सोलापूरला हाका मारत होते. बिरप्पा त्यांच्या दारात उकिडवा बसून होता. सोलापूर ओ देत नव्हतं. तारेवरच्या बाकीच्या गावांनीही हाका मारून पाहिल्या. गुरुबसप्पांना वाटलं, मोठं झालं सोलापूर, आता आपल्याला कशाला ओ देईल. हे त्यांनीच पुढे शिवयोगींना सांगितलं. तरी त्यांनी हाका मारणं सोडलं नाही. थोडं थांबायचे, पाणी प्यायचे आणि पुन्हा हाक.

त्याच दिवशी दुपारी राजाबाई मला घेऊन तार ऑफिसकडे निघाल्या. ऑफिसातले एकजण संध्याकाळच्या गाडीने पुण्याला जाणार होते. त्यांच्याबरोबर शिवयोगींना चटणी पाठवायची होती. पुण्याच्या खाणावळीत माणसाला साखर घातलेली आमटी वाढतात, असं त्यांनी ऐकलं होतं आणि त्या फार काळजीत होत्या.

पायरीवर बसलेल्या तानाबाईला पाहून त्या थांबल्या. "कुणाची वाट बघालाव बाई?"

"मालकाची. तार येनार हाय निंबहळ्ळीस्नं. सकाळधरनं बसलेय."

"येईल की. आमचे मालक हेच काम करतात. तार कधी वाट चुकत नाही."

"तार चुकत नसंल वो, पर मेंढरं थांबत न्हाईत," तानाबाई म्हणाली. "दिस कलला की मला निगायला पायजे. तार न्हाय म्हंजी पानी न्हाय, आसं सांगून गेल्यात. मग टेंभुर्णीची वाट धरायची."

"मग जा की तिकडं. तिकडं ऊस आहे, त्याच्या शेंड्यांचं वाडं मिळेल मेंढरांना."

"लई लांब हाय. मोटी मेंढरं जातील वडत वडत. कोकरं न्हाय टिकायची. यंदा लई कोकरं झाल्यात." एवढं बोलून तानाबाई उन्हाकडे बघत राहिली. सावली पायरीच्या कडेला आलेली होती.

राजाबाईंनी पदर सावरला. त्या मला घेऊन आत गेल्या.

आत टेलिप्रिंटरांचा एवढा आवाज होता की माझा पत्रासुद्धा थरथरला. मथुराबाई टेबलावर जवळजवळ आडव्या होऊन साउंडरला कान लावून बसल्या होत्या. साहेब मीटर घेऊन उभे होते.

"करंट बरोबर आहे, खुंटी बरोबर आहे," साहेब म्हणत होते. "दांडी हलतेय ना?"

"हलतेय साहेब. पण ती काय बोलतेय ते कळत नाही."

"उद्या सकाळी शेजारच्या खोलीत तार ओढून देतो. तिथे शांत असेल."

"आणि बाहेर ती बाई बसलीय, तिचं काय? ती संध्याकाळी निघणार आहे."

साहेबांनी मीटर खाली ठेवलं.

राजाबाईंना यातलं काही समजलं नाही. त्यांनी मला टेबलावर ठेवलं आणि आपलं काम सांगितलं. "मथुरा, हा डबा पुण्याला जाणाऱ्यांच्या हातात दे. आणि त्यांना सांग, रिकामा झाला की डबा माझ्या घरी आला पाहिजे. परत हापिसात ठेवून घेऊ नका म्हणावं. एवढी वर्षं माझा डबा हितं अडकून पडला होता. म्हणे यंत्राच्या मागं लावायला लागतो, म्हणे त्याच्यानं आवाज मोठा येतो. यंत्राला कुठं डबा लागतो काय?"

मथुराबाईंनी मान वर केली. त्यांनी राजाबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग साउंडरकडे.

"काकू," त्या म्हणाल्या, "हा डबा इथे होता? या साउंडरपाशी?"

"मग सांगालेय काय मी?"

"रिकामा करा."

"आत्ताच भरलाय की. लसूण जास्ती घातलाय ह्या बारीला."

"काकू, रिकामा करा. बाहेर बसलीय ना बाई, तिची तार यात अडकली आहे."

राजाबाई मला उचलून तरातरा बाहेर गेल्या. "पदर पसर," त्या तानाबाईला म्हणाल्या.

तानाबाई अवघडली. "मी कशापायी घिऊ? मला भाकरी हाय की."

"घे गं. डबा मोकळा पाहिजे आत, तुझ्याच तारेला."

पुण्याची चटणी तानाबाईच्या पदरात गेली. राजाबाईंनी आपल्या पदराने मला आतून पुसलं. घाईत नीट पुसलं गेलं नाही, तेल आणि तिखट अंगाला राहिलंच. तशा तिखट पोटाने मी टेबलावर आडवा झालो आणि साउंडर पुन्हा माझ्या तोंडात आला. मित्रांनो, तुमचा जुना मित्र बऱ्याच दिवसांनी दारात उभा राहिला तर तुम्हाला जे वाटेल, ते मला वाटलं.

मथुराबाईंनी माझ्या तोंडाशी कान आणला. पहिल्यांदा त्यांना जोरात शिंक आली, तिखटाची. दुसऱ्यांदा त्यांचा चेहरा बदलला.

"सोलापूर," त्या हळूच म्हणाल्या. "सोलापूर, सोलापूर, सोलापूर. निंबहळ्ळी बोलतंय."

तो गुरुबसप्पांचा हात होता. दमला होता. नेहमीची ती लांब शेवटची खूण आता आणखी लांबली होती. पण तोच हात. मथुराबाईंनी बटणावर बोट ठेवलं आणि ओ दिली.

तार क्षणभर गप्प झाली. एवढ्या वेळाने ओ आली हे गुरुबसप्पांना खरं वाटलं नसावं. मग त्यांनी रीतीप्रमाणे आधी शब्दांची संख्या सांगितली आणि शब्द पाठवायला सुरुवात केली. टेलिप्रिंटर धडधडत होते, टेबल हादरत होतं आणि मी माझा सगळा पत्रा पणाला लावून बोलत होतो. मथुराबाईंची पेन्सिल चालत होती. शेवटी मथुराबाईंनी पेन्सिलीच्या टोकाने शब्द मोजले. जुळले. त्यांनी पोच दिली आणि कागद घेऊन त्या स्वतःच बाहेर गेल्या.

"तानाबाई, तळ्यात पाणी आहे. मेंढरं घेऊन ये. बिरप्पा."

तानाबाई उठून उभी राहिली. "परत वाचा वो."

मथुराबाईंनी परत वाचलं.

"पानी हाय म्हनं," तानाबाई राजाबाईंना म्हणाली, जणू त्यांनी ऐकलंच नव्हतं. तिचे डोळे भरले होते, पण ती हसत होती. तिने पदरातल्या चटणीला घट्ट गाठ मारली आणि ती मेंढरांकडे निघाली. सावली अजून रस्त्यावर पुरती पडली नव्हती.

आत साहेब माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. त्यांनी मला टिचकी मारली. मी खणखणीत वाजलो. "सगळं सामान आणलं, तार आणली, खुंटी लावली," ते म्हणाले, "आणि आवाज तेवढा तिथंच विसरलो." त्यांनी लगेच रंगाचा डबा मागवला. माझ्यावर सरकारी नंबर घालायचं ठरलं, म्हणजे पुन्हा कुणी मला मागे ठेवणार नाही.

राजाबाई आडव्या आल्या. "माझ्या डब्यावर सरकारचा नंबर कसा? हा आमच्या संसाराचा डबा आहे."

"काकू, द्या ना आम्हाला," साहेब म्हणाले. "तुमच्या चटणीची सोय मी करतो."

"देते," राजाबाई म्हणाल्या, "पण ज्या दिवशी ही तार बंद होईल त्या दिवशी डबा घरी आला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी साहेब चटणीसाठी झाकणाची काचेची बरणी घेऊन राजाबाईंच्या दारात हजर झाले. आणि माझ्या अंगावर, पोपटाला जिथे शेपूट हवं होतं नेमका तिथेच, पांढरा नंबर आला. लांबून पाहिलं तर आता पोपटाला शेपूट आहे असंच वाटतं.

शिवयोगी पुण्याहून परत आले तेव्हा त्यांना सगळी हकीगत कळली. त्यांनी सकाळी माझ्यावरची धूळ पुसली, आणि निंबहळ्ळीची हाक आल्यावर गुरुबसप्पांना "शरणु" म्हटलं. त्या दिवशी त्यांची शेवटची खूणसुद्धा लांबली. तानाबाई पुढच्या वर्षी मेंढरं घेऊन त्याच वाटेने गेली तेव्हा ऑफिसात आली. माझ्याखाली अंथरायला तिने घोंगडीचा एक तुकडा आणला होता, म्हणजे टेबल हादरलं तरी माझा आवाज बिघडू नये. "कोकरं मोटी झाली," तिने राजाबाईंना निरोप ठेवला. "चटनी ग्वाड लागली सांगा." तिखट चटणी गोड कशी लागली, यावर राजाबाई कितीतरी दिवस हसत होत्या.

मग हळूहळू त्या गावांत वीज पोचली. एकेका गावात टेलिफोन आला. तारेवरची गावं एकेक करून गप्प झाली आणि शेवटी निंबहळ्ळी उरलं. एके दिवशी गुरुबसप्पांनी शेवटचं "शरणु" पाठवलं. शिवयोगींनी ओ दिली, पोच दिली, आणि साहेबांच्या जागी आलेल्या नव्या माणसाने बोर्डावरची पितळी खुंटी काढून घेतली. ती काढताना काही आवाज झाला नाही. साउंडर कोठारात गेला. तिथे तो अजून असेल, नंबरासकट. मला शिवयोगींनी घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून घरी आणलं, कारण तसा शब्द दिलेला होता.

मित्रांनो, तुमच्या घरी नवी वस्तू आली की जरूर आनंद करा. नव्यावर माझा राग नाही. पण तिला जागा करताना जुन्याला एकदम बाहेर काढू नका. आधी त्याला एक टिचकी मारून बघा, त्याच्या आधाराने कोण बोलत होतं ते विचारा. दूर कुठेतरी कुणीतरी त्याच जुन्या वाटेने तुम्हाला हाक मारत असेल, आणि तुमच्याकडे ओ द्यायला माणूस बसलेला असूनही त्याला ऐकू येत नसेल. माझ्यासारख्या वस्तूला काही फार लागत नाही. फडकं मारा आणि पाणी लागू देऊ नका, गंज वाईट असतो.

तार बंद होऊन मी घरी आलो त्या दिवशी राजाबाईंनी सवयीप्रमाणे चटणी कुटली. मी मनातल्या मनात तयार झालो. इतकी वर्षं त्यांनी माझ्यासाठी भांडण मांडलं होतं, आता त्यांचा हक्कच होता. त्यांनी मला घासलं, वाळवलं, हातात घेतलं आणि चटणीचा पहिला घास माझ्या तोंडाशी आणला. तिथे त्या थांबल्या. मग फळीवरून साहेबांची काचेची बरणी काढून त्यांनी सगळी चटणी तिच्यात भरली. मला घोंगडीच्या तुकड्यावर आडवं ठेवलं, तोंड दाराकडे करून.

शिवयोगी बघत होते. "अगं, आता तार नाही, साउंडर नाही. डबा रिकामा कशाला ठेवलास?"

राजाबाईंनी उखळ पुसत पुसत मान वरही केली नाही.

"आणि कुणी हाक मारली तर?" त्या म्हणाल्या.